मल्लखांब: पेशवाईतली तालीम आणि बलाचे नियम

पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत (१७९६–१८१८) मल्लखांबाला नवे रूप आले. त्याचे श्रेय परंपरेने बाळंभटदादा देवधरांना दिले आहे. निजामाच्या मुलखातून आलेल्या मल्लांशी कुस्ती ठरली, तेव्हा देवधरांनी लाकडी खांबालाच जोडीदार केले, असे सांगतात.

खांब ढील देत नाही, म्हणून चूक लगेच उघडी पडते. सागवानी किंवा शिसवी खांबाला एरंडेल चोळतात. तेलाने घर्षण घटते आणि कातडी सोलत नाही. पण घर्षणाचे बल दाबाच्या प्रमाणात असल्याने मांड्यांची पकड तितकीच घट्ट करावी लागते. खरे कसब अढीत दिसते. डोके खाली, पाय खांबाला वेढलेले. धड खांबालगत असेल तर गुरुत्वमध्यही जवळ राहतो. धड बाहेर झुकले की तरफेची भुजा लांबते आणि तेच वजन मांड्यांना कितीतरी जड होते. खांबाच्या माथ्यावरच्या बोंडावर तोल धरताना तर गुरुत्वमध्याची उभी रेषा इवल्याशा आधाराबाहेर जाऊन चालत नाही. कुस्तीत नेमकी हीच जाण कामी येते.

पेशवाई बुडाल्यावर ही विद्या बाजीरावाबरोबर बिठूरलाही गेली. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने ती बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जगाला दाखवली.