वेशीबाहेरचा क्रूस

तट म्हटला की आपल्याला शत्रू आठवतो. प्रतापगड-राजगड चढलेल्या मराठी माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. जिकडून शत्रू यायचा, तिकडे तट भक्कम, हा आपला साधा हिशेब. तोच हिशेब मनात धरून मी विस्बीला उतरलो. विस्बी हे बाल्टिक समुद्रातल्या गॉटलंड नावाच्या स्वीडिश बेटावरचे बंदर. बेट म्हटल्यावर शत्रू येणार तो समुद्रावरूनच! प्रत्यक्षात पाहतो तो समुद्राकडची भिंत बेताची, आणि जमिनीकडे मात्र उंच तट, बुरुजामागून बुरूज, शिवाय खंदक. या गावाला आपल्याच बेटाची एवढी धास्ती कशाची होती?

या बाजूला माझे येणे झाले ते हॅम्बुर्गला नोकरी करणाऱ्या भाच्यामुळे. "मामा, आता नाही तर कधी?" असे म्हणत त्याने मे महिन्याच्या सुट्टीत मला एका प्रवासी बोटीवर चढवले. कील, कोपनहेगन, विस्बी, स्टॉकहोम, टॅलिन असा तिचा फेरा. प्रत्येक बंदरात बोट आठ-दहा तास थांबते, आणि उतारूंना गाव दाखवायला बसगाड्या धक्क्यावर तयार असतात. त्या सहलीचे भाडे ऐकून भाचाही क्षणभर गप्प झाला. शाळामास्तराच्या पायांना भाडे पडत नाही. मी एक नकाशा खिशात घातला आणि किनाऱ्याच्या वाटेने चालू लागलो.

मोठ्या बोटींसाठी विस्बीला २०१८ साली नवा धक्का झाला. तिथून गावाकडे आले की आल्मेडालेन नावाची बाग लागते. हिरवळ, झाडे, मध्ये एक तळे, तळ्यात बदके. ही बदके जिथे पोहतात तिथे मध्ययुगात बंदर होते आणि गलबते नांगरून पडत. बागेतून पुढे आलात की समोरच व्यापाऱ्यांची उंच, अरुंद, दगडी घरे. खाली पेढी, वर वखार. बंदर, पेढी, चर्च, बाजार आणि मग वेस. जुना व्यापारी ज्या क्रमाने गावात शिरे त्याच क्रमाने पायी जाणाऱ्याला गाव दिसते.

या बेटावरचे पहिले मोठे व्यापारी म्हणजे शेतकरीच. औताचा हंगाम संपला की ही मंडळी गलबत हाकीत पूर्वेला रशियाच्या नद्यांपर्यंत जात. १९९९ साली स्पिलिंग्स नावाच्या शेतात नवव्या शतकातला रुप्याचा ठेवा सापडला. वजन ६७ किलो, आणि त्यात १४,०००हून अधिक नाणी, बहुतेक अरबी मुलखातली! हा ठेवा गावातल्या वस्तुसंग्रहालयात पाहायला मिळतो. (पुढे स्टॉकहोमला मी आणखी एक नवल पाहिले. तिथल्या एका तळ्यातल्या हेल्ग्यो बेटावर, १९५४ साली सुरू झालेल्या उत्खननात, काश्मीर-स्वातकडे घडलेली बुद्धाची वीतभरही नसलेली ब्राँझची मूर्ती निघाली. ती कोणकोणत्या हातांतून तिथवर पोचली असेल, या विचारात मी तिच्यासमोर बराच वेळ उभा होतो.)

बाराव्या शतकापासून विस्बीत जर्मन व्यापारी येऊन स्थायिक होऊ लागले. ल्यूबेक हे त्यांचे मूळ ठाणे. राजाशिवाय चालणारा व्यापारी नगरांचा जो संघ पुढे 'हान्सा' या नावाने गाजला, त्यात विस्बीचे नाव वरच्या ओळीत होते. मेण, लोकरीचे कापड, मीठ, खारवलेला मासा, रशियातली मऊ कातडी असा सगळा माल इथून ये-जा करी. गावातली जर्मन आणि गॉटलंडी पेढीवाली मंडळी एक झाली, आणि बेटावरचा शेतकरी-व्यापारी हळूहळू बाहेर पडला. गावाने भिंत बांधायला घेतली, आणि १२८८ साली गाव आणि खेडी यांच्यात उघड लढाई झाली. लढाई गावाने जिंकली. स्वीडनचा राजा माग्नुस याने गावाला दंड ठोठावला खरा, पण भिंत राहिली आणि पुढे आणखी उंच झाली. तटाच्या कडेने सावकाश चाललात तर आधीच्या भिंतीचे दाते वरच्या बांधकामात बुजवलेले अजून दिसतात. माझ्या कोड्याचे उत्तर त्या दगडांत होते. हा तट शेजाऱ्यांविरुद्ध होता.

आणि मग १३६१चा जुलै आला. डेन्मार्कचा राजा वाल्डेमार आटरडाग कसलेले, पगारी सैन्य घेऊन बेटावर उतरला. शेतकऱ्यांनी आधी वाटेत अडवले, मग ते विस्बीच्या तटाशी आले. २७ जुलैला तटासमोर शेवटची लढाई झाली. वेशी बंद होत्या. आतले नागरिक लढाईत उतरले नाहीत. सुमारे १,८०० शेतकरी त्या दिवशी पडले असे सांगतात. दोन दिवसांनी गावाने राजाला दारे उघडून दिली, आणि २९ जुलैला राजाने गावाचे हक्क आणि सवलती कायम केल्याचे पत्र दिले.

कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला इथे दोन्ही बाजूंची माणसे दिसू लागतात. तटावर उभा असलेला एखादा व्यापारी मनाशी काय म्हणत असेल? दार उघडले तर शत्रूही आत येईल, बायकामुले आहेत, वखारी भरलेल्या आहेत. हे खोटे नव्हते. पगारी सैन्यापुढे हे कुळवाडी टिकणार नाहीत, हेही त्याला दिसत असणार. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथली सामुदायिक थडगी उकरली गेली आणि निदान १,१८५ माणसांचे अवशेष वर आले. पुष्कळ जण कोवळ्या वयाची पोरे, म्हातारे, जुन्या दुखण्यांनी अधू झालेली माणसे. काहींच्या अंगावर चिलखते तशीच होती. ऐन उन्हाळ्यात प्रेते घाईने पुरावी लागली असावीत. वस्तुसंग्रहालयात लोखंडी कड्यांच्या टोपीत अडकलेली एक कवटी आहे. तिच्यासमोर त्या व्यापाऱ्याची बाजू मला फार वेळ धरवेना.

गावाने पुढे या घटनेच्या गोष्टी रचल्या, आणि त्या मोठ्या रंगतदार आहेत. एक अशी की राजाने चौकात बिअरचे तीन प्रचंड हौद मांडले आणि सोन्यारुप्याने भरून द्यायला फर्मावले. हेल्क्विस्ट नावाच्या चित्रकाराने १८८२ साली यावर भलेमोठे चित्र काढले. दुसरी गोष्ट समुद्राकाठच्या 'कुमारीच्या बुरुजा'ची. एका सोनाराची मुलगी वाल्डेमारच्या प्रेमात पडली, तिने वेस उघडून दिली, म्हणून लोकांनी तिला बुरुजात जिवंत चिणले! इतिहासकार दोन्ही गोष्टींना दंतकथाच मानतात. मला त्यातली सोय दिसली. दार ज्यांनी लावून घेतले त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. दार उघडणारी एक पोरगी मात्र सगळ्यांना तोंडपाठ आहे. आपल्याकडच्या बुरुजांतही अशा किती लेकीसुना चिणल्याच्या कथा आहेत!

दुपारी एका छोट्या खानावळीत तिथला खास पदार्थ खाल्ला. तांदूळ, दूध, केशर, बदाम, अंडे हे सारे भट्टीत भाजून केलेली जाड वडी, वर साय आणि रानफळांचा मुरंबा. अंड्याकडे काणाडोळा केला तर दिवाळीच्या फराळात सहज खपून जाईल. सौभाग्यवतींना कृती लिहून नेली आहे. अजून योग आलेला नाही.

विस्बीचे वैभव मात्र त्या पत्राने टिकले नाही. हान्सा नगरांनी वाल्डेमारशी युद्ध केले. १३६२ साली ते हरले, आणि त्या पराभवापायी ल्यूबेकच्या योहान विटेनबोर्ग या नगराध्यक्षाचे मस्तक १३६३ साली त्याच्याच गावाने उडवले. मग १३७०च्या स्ट्रालसुंडच्या तहात त्यांनी डेन्मार्कला नमवले. पण तहात मागून घेतले ते हेरिंग माशांचे बाजार आणि किल्ले. गॉटलंड डेन्मार्ककडेच राहिले. बेट चाचे आणि सरदारांच्या हातांतून फिरत राहिले, आणि १५२५ साली विस्बीवर चालून येऊन आग लावली ती ल्यूबेकच्याच लोकांनी! १६४५ साली बेट स्वीडनकडे आले तेव्हा तो मोठा व्यापार इतिहासजमा झाला होता.

शेवटी मी तटाबाहेर पडलो. आग्नेय बाजूला, वेशीपासून चार-पाच मिनिटांवर, साध्या हिरवळीत एक दगडी क्रूस आहे. त्याभोवती दगडाचे कडे कोरलेले. लॅटिन लेख एवढेच सांगतो की १३६१ साली विस्बीच्या वेशींसमोर गॉटलंडचे लोक डेन लोकांच्या हातून पडले, ते इथे पुरले आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करा. वेशींसमोर, हे त्या लेखात आहे. वेशी कुणी लावल्या, हे नाही. क्रूसाकडे तोंड करून उभे राहिलात तर तो तट तुमच्या पाठीशी येतो. तिथे मी होतो तेवढ्या वेळात एक बाई कुत्र्याला फिरवून गेली, दुसरे कोणी आले नाही. बोटीवरची मंडळी त्या वेळी चौकात पडक्या चर्चच्या कमानींखाली छायाचित्रे काढीत असावीत.

तटाच्या आत अशी दहाएक चर्चे आहेत, बहुतेक उघडी, छप्पर नसलेली. जर्मन व्यापाऱ्यांनी बांधलेले, १२२५ साली प्रतिष्ठा झालेले सेंट मेरीचे तेवढे अजून नांदते आहे. बाहेर खेड्यांतून मात्र त्या शेतकऱ्यांनी बांधलेली नव्वदवर मध्ययुगीन चर्चे आजही उभी आहेत, आणि तिथे लग्ने, बारशी लागतात. गावाबाहेर जाणाऱ्या बसचे वेळापत्रक मी थांब्यावर वाचले. पुढची बस चाळीस मिनिटांनी होती, आणि माझी बोट तासाभरात सुटणार होती.