खानदेशचा ज्वर आणि त्याचे रक्तातील देणे

तापीच्या दोन्ही तीरांवर पसरलेल्या काळ्या जमिनीमुळे खानदेश हा संपन्न मुलूख म्हणून फार पूर्वीपासून ओळखला जात असला, आणि थाळनेर, बुऱ्हाणपूर, अशीरगड ही फारुकी सुलतानांच्या वैभवाची नावे इतिहासाच्या वाचकांना परिचयाची असली, तरी या मुलखाच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याने आणि पश्चिमेस नवापूर-पिंपळनेरच्या रानांच्या कडेने एक सरहद्द अशी होती की, ती कोणा सुलतानाने, पेशव्यांच्या कमाविसदाराने अथवा कंपनीच्या कलेक्टराने आखलेली नव्हती. ती सरहद्द हिवतापाची होती. तिच्या अलीकडे कुणब्याचा नांगर चाले, जमाबंदी होई, पाटील-कुलकर्ण्यांचे दप्तर भरे; पलीकडे भिल्ल, पावरा, मावची, कोकणा अशा वनवासी जमातींची विरळ वस्ती असे, आणि बाहेरून आलेला माणूस एका पावसाळ्यातच अंथरूण धरी.

यशवंतराव होळकरांच्या फौजांनी १८०२ साली या प्रांताची केलेली धूळधाण आणि तिच्या पाठोपाठ आलेला १८०३-०४ चा दुष्काळ यांमुळे ही सरहद्द मैदानात आणखी पुढे सरकली. गावेच्या गावे ओस पडली, शेतांवर झुडुपे माजली, बांध फुटून पाणी तुंबू लागले, आणि जिथे माणूस हटतो व पाणी साचते तिथे ज्वर हक्काने येऊन बसतो, या न्यायाने एके काळची वाहिती जमीन रोगट रान होऊन गेली. १८१८ मध्ये कंपनीचा अंमल बसून कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळ्यास ठाणे केले, तेव्हा त्यांच्यापुढे बंडखोर भिल्लांचा जसा प्रश्न होता, तसाच उजाड मुलूख पुन्हा वसविण्याचाही होता. कौल देऊन आणि तगाई वाटून शेतकरी आणता येत होता. परंतु त्याला तापातून वाचविणे सरकारच्या हाती नव्हते. डोंगरात पाठविलेल्या पलटणींना भिल्लांच्या तीरांपेक्षा रानातल्या हवेनेच अधिक जेरीस आणले. अखेर १८२५ साली लेफ्टनंट जेम्स औट्रम यांनी भिल्लांचीच पलटण उभारली आणि पुढे धरणगाव हे तिचे मुख्य ठिकाण झाले. या धोरणाचे श्रेय मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन साहेब यांच्या उदारतेस देण्याचा परिपाठ आहे, आणि तो खोटा नाही. पण त्या निर्णयामागे हिवतापाचाही हात होता, असे मला वाटते.

त्या काळच्या अंमलदारांच्या लेखनात भिल्ल हा मूळचाच काटक आणि त्याची प्रकृती जणू रानासाठीच घडलेली असल्याचे विधान पुनःपुन्हा येते. या विधानाचा मला नेहमी विषाद वाटत आला आहे. प्रौढ भिल्ल तापास तोंड देऊन उभा राहतो, एवढेच त्या अंमलदारांनी पाहिले. त्याची किती मुले पाचव्या वर्षाच्या आत मातीआड झाली हे पाहण्यासाठी कोणी पाड्यावर मुक्काम केला नाही. एक दिवसाआड येणारा तिजारा, दोन दिवसांआड येणारा चौथारा आणि वारंवारच्या तापाने पोटात डाव्या अंगास वाढत जाणारी पाणथरी, हे पाड्यावरच्या बालपणाचे नित्याचे सोबती होते. पाणथरी वाढलेल्या मुलाच्या पोटावर तापल्या लोखंडाने डागणी द्यावी, बडव्याकडून किंवा भगताकडून उतारा करवून घ्यावा, यापलीकडे आईबापांच्या हाती उपाय नव्हता. पुढे कोयनेल आले, टपाल कचेरीतून त्याच्या पुड्या विकण्याची व्यवस्थाही हिंदुस्थानात झाली. पण जिथे टपालच पोहोचत नव्हते तिथे पुडी कोठून पोहोचणार?

रानातील माणसाच्या रक्तात खरोखरच काही निराळे आहे, हे कळण्याचा मार्ग मात्र खानदेशापासून फार दूर सुरू झाला. १९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी, म्हणजे 'सिकलसेल', आढळल्याचे प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दोष रक्तातील हिमोग्लोबिन या द्रव्याच्या घडणीतच असल्याचे दाखविले, आणि पुढे थोड्याच वर्षांत व्हर्नन इंग्रॅम यांनी त्याचे मर्म उलगडले: हिमोग्लोबिनच्या सुमारे दीडशे घटकांच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते, एवढाच काय तो फरक. हिंदुस्थानात १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत आणि त्याच सुमारास आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत हा दोष सापडला. १९५८ मध्ये नागपुराहूनही रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. दरम्यान १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखवून दिले होते की, आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच हा दोष ज्यांच्याकडे आला आहे, अशा मुलांना प्राणघातक हिवतापापासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळते. हिवतापाचा जंतू शिरलेली त्यांची तांबडी पेशी लवकर आकार बदलते आणि जंतूसह नाश पावते.

या शोधाच्या उजेडात खानदेशच्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे अंमलदारांचे ते 'काटकपण' निराळेच दिसू लागते. शतकानुशतके ज्वराने ज्या पाड्यांवर मुले निवडून निवडून नेली, तेथे एकेरी दोषाची मुले अधिक जगली आणि तो दोष पिढीगणिक वाढत गेला. मात्र दोन्ही बाजूंनी दोष आलेल्या मुलास ते संरक्षण तर लाभले नाहीच, उलट जन्मभराचे दुखणे त्याच्या वाट्यास आले. हा ज्वराने वसूल केलेला सारा होता, आणि ज्वर ओसरल्यावरही त्याची वसुली थांबली नाही. महाराष्ट्रातील जमातींच्या पाहणीचा जो निबंध २००२ साली प्रसिद्ध झाला, त्यात भिल्ल आणि पावरा यांची गणना या दोषाचे प्रमाण शेकडा २० ते ३५ असलेल्या जमातींत केलेली आहे. एखाद्या जमातीत शंभरात वीस माणसे वाहक, म्हणजे एकेरी दोषाची, असतील आणि सोयरिकी पाहून-तपासून होत नसतील, तर पंचवीस जोडप्यांत एक जोडपे असे निघते की, नवरा-बायको दोघेही वाहक आहेत. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारात एक, वाहक होण्याचा चारात दोन, आणि पूर्ण निर्दोष असण्याचा चारात एक असतो. म्हणजे शंभर जन्मांत एक मूल रोग घेऊन येते. साक्री-शिरपूरच्या, अथवा चोपडा-यावल-रावेरच्या डोंगरपट्टीत हा हिशोब कागदावरचा राहत नाही.

असे मूल जन्मतः ठणठणीत असते, कारण गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन काही महिने त्याला सांभाळते. सहा महिने उलटल्यावर केव्हातरी हाताची बोटे आणि पावले सुजतात, मूल कळवळून रडते, डोळे पिवळे होतात. आई त्याला घेऊन निघते. एका दारी त्यास कावीळ म्हणतात, दुसऱ्या दारी वात म्हणतात, तिसऱ्या दारी बाहेरची बाधा ठरते. आणि तिन्ही ठिकाणी पैसे मोडतात. वास्तविक घडते ते असे की, प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी कडक व वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि ज्या अवयवाचा रक्तपुरवठा तुटतो तो अवयव वेदनेने ओरडतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही पेशी दहा-वीस दिवसांतच फुटते. म्हणून अंगात रक्त टिकत नाही. वय वाढते तसे खुब्याचे हाड झिजू शकते, फुप्फुसास इजा होते, क्वचित पक्षाघातही होतो.

एवढे असूनही तपासणी सोपी आहे. बोटाच्या टोकाचा रक्ताचा एक थेंब रसायनाच्या नळीत सोडावयाचा, आणि थोड्या वेळाने नळीमागे छापील रेघांचा कागद धरावयाचा: रेघा स्वच्छ दिसल्या तर रक्त निर्दोष, द्राव गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर दोष आहे. तो एकेरी की दुहेरी, हे ठरविण्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेतील पुढची परीक्षा लागते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून जी मोहीम सुरू केली, तिचा संकल्प सतरा राज्यांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचा आणि २०४७ पर्यंत या रोगाचे उच्चाटन करण्याचा आहे.

नळी गढूळ झाल्यानंतर मात्र खरे काम सुरू होते, आणि माझ्या मते आपली कसोटी तिथेच आहे. वाहक हा रोगी नव्हे. त्याला औषधाची गरज नसते, तो शेतात राबू शकतो, संसार करू शकतो. पण हे नीट समजावून न सांगितल्याने दोष निघालेल्या मुलीची सोयरीक मोडते आणि तिच्याच घराण्यातील मुलाची तपासणी कोणी मागत नाही, हा अन्याय डोळ्यांआड करण्याजोगा नाही. दोन वाहकांनी विवाहापूर्वी एकमेकांच्या चिठ्ठ्या पाहाव्यात, आणि विवाह झालाच असेल तर गरोदरपणाच्या आरंभीच सल्ला घ्यावा, इतकेच शास्त्राचे सांगणे आहे. ज्याला रोग आहे त्याच्यासाठी फॉलिक ॲसिडची गोळी, लहानपणी पेनिसिलिन आणि न्यूमोनियाविरुद्धची लस, भरपूर पाणी, थंडीपासून व अतिश्रमापासून जपणूक, आणि वेदनेचे झटके कमी करणारे हायड्रॉक्सीयुरिया, अशी आयुष्यभराची शिस्त आहे. हिवतापाचा डास मात्र अशा रुग्णाचा आजही मोठा वैरी आहे. वाहकास मिळणारे कवच रुग्णास नसते, म्हणून त्याच्या घरची मच्छरदाणी हीसुद्धा औषधाइतकीच गरजेची वस्तू समजली पाहिजे.

हिवतापाविरुद्धची राष्ट्रीय मोहीम १९५३ साली सुरू झाली आणि १९६५ च्या सुमारास देशातील रुग्णसंख्या एक लाखापर्यंत खाली आली. मग शिथिलता आली आणि १९७६ मध्ये ती चौसष्ट लाखांवर गेली. दीर्घकाळ चालवायच्या कामात मध्येच हात सैल सोडला म्हणजे काय होते, याचा हा पुरावा आपल्या डोळ्यांसमोर आहे, आणि सिकलसेलचे काम तर त्याहूनही लांब पल्ल्याचे आहे.

खानदेशात या कामाला आणखी एक अडचण आहे. दिवाळी आटोपली की डोंगरपट्टीतील हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात, नवरा-बायकोचा एक कोयता धरला जातो, उसाच्या फडाशेजारी पालात हिवाळा काढला जातो, आणि पुष्कळसे लोक होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्याच्या बाजारापर्यंत परत येत नाहीत. पहाटेची थंडी, दिवसभराचे श्रम, पाण्याचा अभाव: वेदनेचा झटका येण्यास लागणारी सारी कारणे तिथे एकत्र जमतात. हायड्रॉक्सीयुरिया चालू असलेल्या रुग्णाच्या रक्ताची मोजणी ठरावीक अंतराने करावी लागते, आणि त्याचा कागद शिरपूरच्या किंवा साक्रीच्या दवाखान्यात असतो, तो स्वतः मात्र बारडोलीच्या फडात. स्थलांतरापूर्वी चार-पाच महिन्यांची औषधे हाती द्यावीत, कार्डावर रोगाचे नाव मराठी व गुजराती या दोन्ही भाषांत असावे, आणि मुकादमाच्या यादीत अशा कामगाराची नोंद होऊन त्यास मोळ्या वाहण्याऐवजी हलके काम मिळावे, एवढी व्यवस्था दोन राज्यांच्या आरोग्य खात्यांनी बसून केली, तर येत्या हंगामापासून ती अमलात येऊ शकते.