जनाबाईचं हसणं आणि भांडणं

आज जात्यापाशी बसू. गोष्ट सुमारे ७०० वर्षांपूर्वीची. गंगाखेडची जनाबाई लहानपणीच पंढरपुरात नामदेवांच्या घरी आली. दळण, कांडण, झाडलोट सगळं तिच्याकडं. डोळे मिटून देव शोधत बसायला तिला सवड कुठली? मग तिनं देवालाच कामाला लावलं. तिच्या अभंगांत विठ्ठल तिच्यासोबत दळतो, तिच्या डोक्याला लोणी चोळतो. रागावली की ती त्याला चक्क शिव्या घालते. (घरधन्याला घालून बघा!) एका अभंगात तर डोईवरचा पदर खांद्यावर आलेला, हाती टाळ, आणि बाई निघाली भरबाजारात. लोक काय म्हणतील, याची फिकीर नाही. स्वतःला दासी म्हणवणारी ही बाई पुढं सांगते की खाता-पिता, झोपता-उठता, आत-बाहेर देवच आहे.

गेल्या बैठकीत आम्ही हे बोललो आणि म्हटलं, चला, फुगडी घालू. निम्म्या जणी "या वयात?" म्हणत मागं सरकल्या. वारीत सत्तरीच्या आज्या फुगडी घालतात, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे, तरी लाज. शेवटी आमच्यातल्या थोरल्या काकूंनीच पदर खोचला.