एका मकाराची बखर

एखाद्या लोकांचा इतिहास जाणून घ्यायचा म्हटले की आपण राजांच्या वंशावळी आणि लढायांच्या सनावळ्या उघडून बसतो. क्रियापदांचे कोष्टक इतिहास म्हणून कोणी वाचीत नाही. सर्बियन भाषेचा वर्तमानकाळ शिकू लागल्यावर मला मात्र त्या सहा रूपांतच एका समाजाचे मोठे भांडण सापडले.

कोष्टक तसे सोपे आहे. ‘चिताम, चिताश, चिता, चितामो, चिताते, चितायु’ म्हणजे मी वाचतो, तू वाचतोस, तो वाचतो, आम्ही वाचतो, तुम्ही वाचता, ते वाचतात. काम करण्याचे ‘रादिम, रादिश, रादि’ आणि लिहिण्याचे ‘पिशेम, पिशेश, पिशे’. मधला स्वर कुठे आ, कुठे इ, तर कुठे ए. एवढ्यावर तीन गट पडतात. अनेकवचनी तृतीय पुरुषात तेवढी फाटाफूट होते: ‘चितायु’, ‘रादे’, ‘पिशु’. आपल्या ‘करतो-करते’ची कटकट इथे नाही. पुरुष असो वा स्त्री, दोघेही ‘रादिम’ म्हणूनच मोकळे होतात.

‘असणे’ची रूपे पाहिली की संस्कृतचा तास आठवतो. ‘येसाम, येसि, येस्ते, येस्मो, येस्ते, येसु’ ही मालिका आपल्या ‘अस्मि, असि, अस्ति, स्मः, स्थ, सन्ति’ची चुलत भावंडेच म्हणावी लागेल. पण या घराण्यात एक गोम आहे. जुन्या स्लाव्हॉनिक भाषेत ‘मी’चा हा मकार असणे, देणे, खाणे, जाणणे अशा चारपाच क्रियापदांच्याच वाट्याला आला होता. इतरांच्या शेवटी एक नासिक्य स्वर असे. त्याचा पुढे ‘उ’ झाला. रशियन माणूस आजही ‘मी वाचतो’ला ‘चितायु’ आणि ‘मी लिहितो’ला ‘पिशु’ म्हणतो. सर्बियन बोलीत मात्र मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून तो मकार एकेका क्रियापदात शिरत गेला. कोणा राजाने तसे फर्मान काढले नव्हते. शेतात, बाजारात आणि चुलीपाशी बोलणाऱ्यांनीच हे घडवले. संस्कृतनेही फार पूर्वी हाच उद्योग केला होता. ग्रीक जिथे ‘फेरो’ म्हणतो, तिथे संस्कृत ‘भरामि’ म्हणते.

भांडणाचे मूळ इथेच आहे. अठराव्या शतकात हाब्सबुर्ग राज्यातील सर्ब लोकांच्या शाळांना शिक्षक हवे होते, आणि ग्रंथही. 1726 साली रशियातून शिक्षक आले, त्यांच्याबरोबर रशियन वळणाची स्लाव्हॉनिक आली, आणि चर्चचा व विद्वानांचा व्यवहार तिच्यात किंवा तिच्या भेसळीत चालू लागला. आता त्या पोथीत ‘पिशु’ दिसले, तर त्याचा अर्थ ‘मी लिहितो’. घरी आईच्या तोंडी ‘पिशु’ आले, तर त्याचा अर्थ ‘ते लिहितात’! लिहिणारा ‘मी’ की ‘ते’, इथपर्यंत शाळा आणि घर यांची फारकत झाली होती.

ही फारकत मोडायला निघाला वुक कराजिच. 1787 साली तर्शिच नावाच्या खेड्यात त्याचा जन्म झाला. शिक्षण तुटपुंजे आणि एक पाय अधू. 1813 मध्ये तुर्कांनी सर्बांचा उठाव मोडून काढला, तेव्हा तो व्हिएन्नाला पळाला. तिथे कोपितार हा स्लोव्हेन पंडित सरकारी ग्रंथपरीक्षक होता. त्याने वुकच्या पाठीवर हात ठेवला आणि 1814 साली लोकांच्या बोलीचे छोटेसे व्याकरण छापून निघाले. 1818 साली 26,270 शब्दांचा कोश आला. त्यात एका ध्वनीला एकच अक्षर, अशी लिपी होती. 1824 मध्ये याकोब ग्रिमने वुकच्या व्याकरणाचा जर्मन अनुवाद केला.

परक्या पंडिताने मान दिला; घरच्यांनी दिला नाही. चर्चच्या धुरीणांना ही गुराख्यांची भाषा वाटली. लॅटिन लिपीतून घेतलेल्या एका ‘य’मध्ये त्यांना कॅथलिकांचा कावा दिसला. 1832 साली खुद्द सर्बियाच्या राजाने, मिलोश ओब्रेनोविचने, वुकच्या लेखनपद्धतीने पुस्तके छापण्यास बंदी केली. वुक हटला नाही. 1847 साली त्याने नव्या कराराचे भाषांतर लोकांच्या बोलीत प्रसिद्ध केले. त्याच वर्षी तरुण दानिचिचने या लेखनपद्धतीची बाजू पंडितांपुढे मांडली. 1864 मध्ये वुक व्हिएन्नात वारला आणि 1868 साली सर्बियाने त्याची पद्धत अधिकृतपणे पूर्ण स्वीकारली. जिंकल्याचे पाहायला तो नव्हता.

आज ती भाषा सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन, मॉन्टेनेग्रिन अशा चार नावांनी ओळखली जाते. नावांवरून वाद आहेत. मकार मात्र चौघींचाही तोच.

एवढ्या दिग्विजयातही दोन क्रियापदे मकाराला शरण गेलेली नाहीत. ‘मला हवे आहे’ हे अजून ‘होचु’ आणि ‘मी करू शकतो’ हे अजून ‘मोगु’! त्या ‘होचु’चे शेपूट जोडून ही भाषा आपला भविष्यकाळही बनवते: ‘चिताचु’, मी वाचीन. आणि ‘मोगु’ची गंमत अशी की ‘मी करू शकतो’ आणि ‘ते करू शकतात’ या दोहोंना तो एकच शब्द पुरतो.