गिरणीतील धोटा आणि आपली वडीलधारी मंडळी

आपल्या ज्ञातीचा इतिहास लिहावयास बसले की लेखणी बहुधा गोत्रे, कुलदैवते आणि मूळ गावे ह्यांच्याभोवतीच घोटाळते. परंतु आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल ज्या मुंबईच्या गिरण्यांवर पेटली, त्यांचा इतिहास स्मरणिकेत क्वचितच येतो. म्हणून यंदा आम्ही तेथील एका लहानशा वस्तूविषयी लिहिण्याचे योजिले आहे. ती वस्तू म्हणजे मागावरील धोटा होय.

आजच्या मुलांनी माग पाहिलेला नसतो, म्हणून थोडा खुलासा करतो. धोटा म्हणजे नावेच्या आकाराचा लाकडी ठोकळा. त्याच्या पोटात सुताची कांडी बसवितात व तो ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून इकडून तिकडे धावत आडवे सूत टाकीत जातो. कांडी संपली की दुसरी घालावयाची आणि तिचे टोक धोट्याच्या कुशीतील बारीक छिद्रातून बाहेर काढावयाचे. ह्याची झटपट रीत एकच होती. छिद्रास ओठ लावावयाचे आणि श्वासासरशी सूत ओढून घ्यावयाचे! दिवसभर दर काही मिनिटांनी हेच चाले. सुताबरोबर कापसाचे तंतू, रंग आणि तेल तोंडात जाई. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडी लागे. आमच्या आजोबांचे पुढचे दात चाळिशीतच गेले होते.

ही रीत आपल्याकडची नव्हे. मुंबईचे माग मुख्यतः लँकेशायरहून आले व त्यांच्याबरोबर ही सवयही आली. तिकडे तिला ‘धोट्याचे चुंबन’ असे थट्टेचे नावही पडले होते. छिद्राऐवजी खाच ठेवलेला, बोटाने सूत बसविता येणारा धोटा करणे मुळीच कठीण नव्हते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानाने १९११ साली तोंडाने सूत ओढण्यास कायद्याने बंदी केली. ब्रिटनमध्ये तसे नियम व्हावयास १९५२ साल उजाडले.

आता जे लिहावयाचे आहे ते ज्ञातिबंधूंना रुचेलच असे नाही. विणकाम खात्यात मजुरी चांगली पडे, आणि त्याच खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांस प्रवेश नसे. कारण सांगितले जाई ते धोट्याचे: त्यांनी तोंड लावलेला धोटा आम्ही कसा तोंडी लावावा? १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने संप चालला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय उघडपणे पुढे मांडला. त्या संपात आपली माणसे होती. संपाच्या हालअपेष्टा आम्ही घरी पुष्कळ ऐकल्या. ह्या मागणीविषयी मात्र कोणी अवाक्षर काढीत नसे.

पुढे १९४२ ते १९४६ ह्या काळात डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. ह्याच काळात, १९४५ साली, कारखान्यांविषयी तांत्रिक सल्ला देणारे मध्यवर्ती कार्यालय निघाले. त्याच्याच विस्तारातून शीव येथील केंद्रीय श्रम संस्था उभी राहिली व १९६६ साली तिचे उद्घाटन झाले. कामगारांस सुरक्षिततेचे शिक्षण देण्याची व्यवस्था आपल्या देशात अशी सावकाश आली. त्यापूर्वीचे शिक्षण म्हणजे गाववाल्याच्या शेजारी उभे राहून पाहावयाचे आणि मुकादमाच्या शिव्या खावयाच्या.

शीवच्या त्या संस्थेत सुरक्षितता, आरोग्य व कल्याण ह्यांचे कायमचे प्रदर्शन आहे. नोकरीस लागल्यावर, १९८१ साली, आम्ही शाळेची मुले घेऊन तेथे गेलो होतो. यंत्रांस लावावयाची कवचे, धूळ ओढून घेण्याच्या योजना हे सारे मुलांनी वह्यांत उतरून घेतले. रात्री आजोबांपाशी आम्ही मोठ्या उत्साहाने त्याचे वर्णन केले. ऐंशीच्या घरातील त्या म्हाताऱ्याने सगळे ऐकून एवढेच विचारले, “तिथं धोटा होता का रे?”

धोटा आमच्या पाहण्यात आला नव्हता. परंतु खाचेच्या धोट्याविषयी आम्ही वाचले होते, ते त्यांना सांगितले. साल १९११ हेही सांगितले. ते बराच वेळ दातांच्या रिकाम्या जागेवरून जीभ फिरवीत बसले. मग म्हणाले, “माझ्या जोडीला रमजान होता. त्याचा धोटा मी तोंडाला लावला, माझा त्यानं लावला. कुणाला काही वाटलं नाही. पण खालच्या खात्यातला एक पोरगा साच्यावर काम मागायला आला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला दारातनं परत लावला. मीही होतो त्यात. त्याचं नाव काही केल्या आठवत नाही.”