मृत्यूचे अनाहूत विचार आणि स्वमग्न व्यक्ती

इच्छा नसताना पुन्हापुन्हा येणारे, हाकलले तरी न जाणारे मृत्यूविषयीचे विचार, चित्रे किंवा प्रश्न. आणि स्वमग्न (ऑटिस्टिक) व्यक्तीच्या मनात त्यांनी ठाण मांडले असता त्यांच्यासह जगण्याच्या रीती. स्वमग्नतेवरचे मराठी लेखन बहुतांशी लहान मुले आणि त्यांचे पालक यांच्याभोवती फिरते. पंचविशीतल्या स्वमग्न माणसाच्या डोक्यात रात्री दोन वाजता काय चालते, याची दखल त्यात क्वचितच असते. प्रस्तुत नोंद ताडकळस (ता. पूर्णा, जि. परभणी) हे बाजार समितीचे मोठे गाव आणि त्याच्या आसपासचा मुलूख डोळ्यांपुढे ठेवून केली आहे. विशेष उपचारांसाठी इथले लोक परभणी किंवा नांदेडची वाट धरतात. त्याआधीचे बरेच काही घरातच निभावावे लागते.

असे विचार ही स्वमग्न माणसांची मक्तेदारी नाही. रॅडोम्स्की आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये 13 देशांतल्या 777 विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी सुमारे 94 टक्के विद्यार्थ्यांना मागच्या तीन महिन्यांत निदान एक तरी नकोसा विचार आपणहून सुचला होता. बहुतेकांचा तो विचार येतो आणि निघून जातो. काहींचा अडकतो. तो का अडकतो, हा या विषयाचा गाभा आहे.

त्याआधी एक वेगळेपण नीट पाहिले पाहिजे, कारण घरचे लोक आणि कधीकधी डॉक्टरही इथेच चुकतात. मृत्यूचा उच्चार करणारा प्रत्येक स्वमग्न माणूस एकच गोष्ट सांगत नसतो. कुणाला मृत्यू हा आवडीचा, अभ्यासाचा विषय असतो: देह कसा कुजतो, कोणत्या राजाला कितव्या वर्षी मरण आले, किती माणसे कोणत्या साथीत गेली. यात भीती नसते, कुतूहल असते, आणि ते मोडून काढण्याचे कारण नाही. कुणाला आईवडील गेल्यावर आपले काय होईल याची रास्त चिंता असते; ती विचारविकृती नव्हे, तिला व्यवहारातले उत्तर हवे असते. तिसरा प्रकार खरा अनाहूत विचारांचा. ‘बाबा घरी परतलेच नाहीत तर?’, ‘माझ्या हातून कुणाचा जीव गेला तर?’ हे विचार माणसाला स्वतःलाच किळसवाणे, परके वाटतात. त्यांत इच्छा नसते, उलट इच्छेच्या अगदी विरुद्ध जे, तेच नेमके सुचते. हे वारंवार घडून दिवसाचे तास खाऊ लागले, त्यापायी तपासण्या, मोजण्या, खात्री करून घेणे सुरू झाले, तर त्याला मंत्रचळ (ओसीडी) म्हणतात. चौथा प्रकार स्वतःला संपवण्याच्या विचारांचा. एकाच माणसात हे चारही प्रकार आलटूनपालटून दिसू शकतात; म्हणून अंदाज न बांधता विचारणे भाग असते.

स्वमग्न मनात विचार अडकण्याची काही कारणे सांगितली जातात. डायना मरी, माइक लेसर आणि वेंडी लॉसन यांनी 2005 मध्ये मांडले की स्वमग्न व्यक्तीचे लक्ष एका वेळी थोड्याच गोष्टींवर, पण पूर्ण ताकदीने जाते. हीच ताकद रेल्वेच्या वेळापत्रकावर लागली तर माणूस पूर्णा जंक्शनच्या साऱ्या गाड्या तोंडपाठ सांगतो. मृत्यूवर लागली तर दुसरे काही सुचू देत नाही. दुसरे कारण अनिश्चिततेचा जाच. मृत्यू नक्की, पण वेळ अनिश्चित, हे कोडे कुणालाच सुटलेले नाही. मात्र इतर लोक ते बाजूला ठेवून जेवायला बसतात, आणि ज्याला प्रत्येक गोष्टीची वेळ ठाऊक असावी लागते त्याला ते जमत नाही.

तिसरे कारण बोलण्याच्या रीतीत आहे. आपल्याकडे मृत्यू क्वचितच सरळ सांगितला जातो. आजोबा ‘देवाघरी गेले’, ‘शांत झोपले’, ‘आपल्याला सोडून गेले’. शब्दशः अर्थ घेणाऱ्या मुलाने मग झोपायला नकार दिला, देवळात पाऊल ठेवायचे टाळले किंवा आजोबा रागावून का गेले असे महिनोन्‌महिने विचारले, तर तो हट्टीपणा नव्हे. त्याने ऐकले तेच खरे मानले आहे. याच्या जोडीला गावातला मृत्यू फार दृश्य असतो. चौकात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फलक आठवडाभर उभा, त्यावर ओळखीचा चेहरा, व्हॉट्सॲपच्या गटात तोच फोटो दिवसभर फिरतो, सुतक, दहावा, तेरावा यांचे नियम घरोघर थोडे वेगळे. मराठवाड्यात शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या वर्षानुवर्षे कानांवर पडत आल्या आहेत. इतरांच्या नजरेला हे सरावाने बोथट होते. तपशील न विसरणाऱ्या माणसाला होत नाही.

आणि त्याने प्रश्न विचारला की घर दचकते. ‘आई, तू कधी मरशील?’ याला उत्तर मिळते, ‘अभद्र बोलू नको’, ‘शुभ बोल रे नाऱ्या’. औषध घेताना माकड आठवायचे नाही, ही जुनी अट सर्वांना माहीत आहे. डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये तीच प्रयोगाने दाखवली: पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असे सांगितलेल्या विद्यार्थ्यांना ते पुन्हापुन्हा आठवत राहिले, आणि बंदी उठल्यावर ते अधिकच आठवले. विचार दाबला की त्याचे महत्त्व वाढते. यात आणखी एक गैरसमज मिसळतो: विचार आला म्हणजे ते घडणार, किंवा आपल्यालाच ते हवे आहे. घरच्यांनी ‘तोंडून निघालेले खरे होते’ म्हटले की हा गैरसमज पक्का होतो. काही घरांत ‘बाहेरचे लागले’ असा निष्कर्ष निघतो आणि देवऋष्याकडे नेले जाते. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. स्पर्श आणि आवाज आधीच सोसत नाहीत अशा माणसासाठी तर तो निव्वळ छळ ठरतो.

दाबण्याच्या उलट टोकाची चूकही तितकीच सामान्य आहे, ती म्हणजे दर वेळी दिलासा देणे. ‘मला काही होणार नाही’ हे वाक्य पाच मिनिटे पुरते, मग पुन्हा विचारले जाते, पुन्हा सांगितले जाते. काही आठवड्यांत सारे घर या प्रश्नोत्तरांना बांधले जाते. शिवाय ते वाक्य खोटे आहे आणि काटेकोर डोक्याला ते खोटे असल्याचे कळते. त्यापेक्षा उत्तर एकदाच, खरे आणि लेखी द्यावे: ‘सगळी माणसे मरतात. माझी वेळ मला माहीत नाही. आज मी बरी आहे. मी नसले तर तू अमुक काकांकडे राहशील, पैशांचे अमुक बघतील.’ पुढे प्रश्न आला की कागद दाखवावा, नवे उत्तर देऊ नये. शेवटचे वाक्य मात्र केवळ धीर देण्यासाठी लिहू नये. काकांशी आधी खरेच बोलून ठेवावे.

स्वमग्न व्यक्तीने स्वतः करण्यासारखे पुष्कळ आहे. विचाराला नाव देऊन तो आला आहे एवढेच नोंदवणे (‘मरणाचा विचार आला, 9 वाजून 20’). त्याच्याशी वाद न घालणे. तो खोटा ठरवण्याचा खटाटोप न करणे. रोजचा एक ठरावीक वेळ त्याला देऊन इतर वेळी तिथवर पुढे ढकलणे. वेळापत्रकावर प्रेम करणाऱ्यांना ही शेवटची रीत बऱ्याचदा मानवते. श्वासावर लक्ष देण्याचा सरसकट सल्ला मात्र जपून घ्यावा. शरीरातल्या संवेदना ज्याला फार तीव्र जाणवतात, त्याला छातीची धडधड ऐकून मृत्यूच आठवतो. अशा वेळी अंगावर जड गोधडी, झोका, सायकल, एकाच गाण्याची आवर्तने यांचा उपयोग जास्त होतो. झोप, भूक आणि गोंगाट यांकडेही पाहावे. लग्नसराईत डीजेच्या दणदणाटात दोन दिवस हसतमुख काढल्यावर तिसऱ्या रात्री विचारांचा हल्ला झाला, तर त्याचे मूळ मृत्यूत नसून थकव्यात असू शकते.

मंत्रचळावर परिणामकारक ठरलेली मानसोपचारपद्धती म्हणजे भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाणे आणि त्यानंतरची खात्री करण्याची कृती रोखणे. तिची सुरुवात व्हिक्टर मेयर यांनी 1966 मध्ये केली. स्वमग्न व्यक्तींसाठी ती जशीच्या तशी वापरून भागत नाही. ब्रिटनमधील आरोग्यसेवेची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या नाइस (NICE) संस्थेची 2012 ची मार्गदर्शिका सांगते की बोलण्यावर आधारित उपचार अधिक ठोस आणि आखीव करावेत, लेखी व चित्ररूप साहित्य वाढवावे, रूपकांचा अतिरेक टाळावा, मधे विश्रांती द्यावी, व्यक्तीच्या आवडीचा विषय उपचारात आणावा आणि तिची तयारी असेल तर घरच्या माणसाला सोबत घ्यावे. मराठीत विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके आणि ठाण्याच्या आयपीएच संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी यांच्यामुळे वाचकांच्या परिचयाची झाली आहे. तिचा भर विचार तपासण्यावर असल्याने काही स्वमग्न व्यक्तींना ती तर्कशुद्ध म्हणून आवडते. मात्र मंत्रचळ असलेल्याच्या हाती तीच तपासणी आणखी एक खात्री करण्याचे साधन बनू शकते. औषधे मानसोपचारतज्ज्ञच ठरवतात. स्वमग्न व्यक्तींत दुष्परिणाम लवकर दिसू शकत असल्याने मात्रा सहसा अगदी कमीपासून वाढवतात.

आत्महत्येचा विचार वेगळा ओळखणे निकडीचे आहे. सारा कॅसिडी आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये इंग्लंडमधील एका दवाखान्यात प्रौढ वयात ॲस्पर्जर सिंड्रोमचे निदान झालेल्या सुमारे पावणेचारशे व्यक्तींना विचारले, तेव्हा 66 टक्क्यांनी असे विचार येऊन गेल्याचे सांगितले. हे आकडे एका दवाखान्यातले असल्याने सर्वांना लागू करता येणार नाहीत, पण दुर्लक्ष करण्याजोगेही नाहीत. याच संशोधकांनी 2018 मध्ये स्वमग्नता लपवून ‘सर्वांसारखे’ वागण्याची धडपड आणि न मिळालेला आधार यांचा या विचारांशी संबंध दाखवला. चेहऱ्यावरून काही कळेल अशी अपेक्षा ठेवू नये. सपाट आवाजात, हवामान सांगावे तसे, अत्यंत गंभीर वाक्य येऊ शकते. ‘मनात काही वाईट येते का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे प्रामाणिक उत्तर मिळू शकते, कारण त्याला तो विचार वाईट वाटत नसतो. सरळ विचारावे: ‘तुला आत्महत्या करावीशी वाटते का? कशी करायची ते ठरवले आहेस का?’ विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही. भावना शब्दांत सांगता येत नसेल तर 0 ते 10 मधला आकडा विचारावा. उत्तर ‘हो’ असेल तर माणसाला एकटे सोडू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कापूस-सोयाबीनच्या घरात फवारणीची औषधे कुलपात, शक्यतो घराबाहेर ठेवणे ही सर्वांत साधी आणि फार उपयोगी खबरदारी आहे.

केंद्र सरकारची टेली-मानस सेवा (दूरध्वनी 14416) 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. ती चोवीस तास आणि मराठीतूनही मिळते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती उलट सिद्ध होत नाही तोवर तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्यावर खटला चालत नाही, म्हणून पोलिसांच्या भीतीने रुग्णालय टाळण्याचे कारण उरत नाही. दिव्यांग हक्क कायदा, 2016 मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी भारतीय मोजपट्टी (आयएसएए) 40 मुद्द्यांची असून 70 पासून पुढचे गुण स्वमग्नता दर्शवतात. त्या 40 मुद्द्यांत मृत्यूच्या विचारांविषयी एकही प्रश्न नाही. त्यामुळे प्रमाणपत्र हातात असले तरी डॉक्टरांना ही बाब वेगळी सांगावी लागते, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ती तोंडी सांगणे स्वमग्न व्यक्तीला सहसा जमत नाही. घरूनच एका कागदावर लिहून न्यावे: विचार कोणता, दिवसातून किती वेळा, त्यानंतर मी काय करतो, झोप किती, मला मरावेसे वाटते की मरणाची भीती वाटते, आणि कोणते आवाज, दिवे किंवा स्पर्श मला सोसत नाहीत.