उतारवयातला नॉर्दर्न डान्सर

आमच्या सीमाभागात बेंदूर दोनदा येतो. ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी आणि पुढे आषाढात महाराष्ट्रीय. लहानपणी दोन्ही दिवशी आजोबा सर्वांत आधी म्हाताऱ्या बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावत. तो बैल औताला जुंपणे त्यांनी दोन वर्षांपूर्वीच थांबवले होते. अजून थोडे ओढेल की, असे कोणी म्हटले तर त्यांचे उत्तर ठरलेले असे, "त्येला थांबायचं कळत न्हाई, ते आपुन ठरवायचं."

हे वाक्य मला पुढे एका घोड्याची हकीकत वाचताना आठवले. तो आपल्याकडचा नव्हे, कॅनडातला. त्याचे नाव नॉर्दर्न डान्सर. आजोबांच्या बैलाची किंमत बाजारात शून्य झाली होती. या घोड्याचे उलटे झाले. वय वाढत गेले तशी त्याची किंमत आभाळाला भिडली आणि त्याच वेळी त्याची प्रजननशक्ती ओसरू लागली. अशा जनावराला कधी थांबवायचे, हा प्रश्न किती कठीण असेल याची वाचकांनी कल्पना करावी.

नॉर्दर्न डान्सर २७ मे १९६१ रोजी ओंटारिओ प्रांतातील ओशावा येथे, उद्योगपती ई. पी. टेलर यांच्या विंडफील्ड्स फार्मवर जन्मला. अंगाने ठेंगणा. वर्षाचे शिंगरू असताना २५ हजार डॉलरना विक्रीस ठेवले, तर घ्यायला कोणी पुढे आले नाही. त्याच घोड्याने १९६४ साली केंटकी डर्बी बरोबर दोन मिनिटांत जिंकली. तो विक्रम १९७३ पर्यंत टिकला. १८ शर्यतींत १४ विजय मिळवून तो १९६५ पासून पैदाशीला लागला. सुरुवातीची फी होती १० हजार डॉलर.

१९६७ साली जन्मलेल्या त्याच्या निजिन्स्की या मुलाने १९७० मध्ये इंग्लंडच्या तीन मानाच्या शर्यती एकाच मोसमात जिंकल्या आणि बापाचे नाव जगभर झाले. त्याच वर्षी घोड्याचे ३२ वाटे पाडण्यात आले. एक वाटा ७५ हजार डॉलरचा, म्हणजे एकूण २४ लाख डॉलर. वाटेकऱ्याला दरवर्षी एक घोडी त्याच्याकडून फळवून घेण्याचा हक्क मिळे. घोडा तरुण असताना ही व्यवस्था सोयीची होती. पण हक्क म्हातारा होत नाही, घोडा होतो. पुढची सगळी अडचण इथूनच निर्माण झाली.

येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. घोड्याचे वय विशीच्या आसपास गेले की बऱ्याच नरांत वृषणांचा आकार घटू लागतो. शुक्रजंतूंची संख्या कमी होते आणि त्यांची हालचाल मंदावते. शुक्रजंतू तयार होऊन बाहेर पडण्यास सुमारे दोन महिने लागतात, म्हणून आज आलेल्या तापाचा परिणाम दोन महिन्यांनंतर दिसतो. त्यात मागच्या पायांचे सांधे दुखू लागले की घोडीवर चढणेच जिकिरीचे होते. इतर जातींत कृत्रिम रेतनाने एका वेळचे वीर्य अनेक माद्यांना वाटून देता येते. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांत मात्र वंशावळीच्या नोंदीचा नियम कडक आहे. संबंध नैसर्गिकच हवा, नाहीतर शिंगराची नोंद होत नाही.

मग सांभाळणाऱ्याने करायचे काय? युक्ती एकच, जे उरले आहे ते वाया जाऊ द्यायचे नाही. घोड्यांची संख्या नव्हे, घोडींची संख्या कमी करायची. म्हाताऱ्या किंवा वारंवार उलटणाऱ्या घोडी टाळून हमखास गाभण राहणाऱ्या निवडायच्या. घोडी पाच-सात दिवस माजावर असते, पण बीज सुटते ते माजाच्या शेवटच्या एक-दोन दिवसांत. अनुभवी पशुवैद्य बीजकोश हाताने चाचपून ती वेळ ओळखतो. १९८० च्या सुमारास अल्ट्रासाउंड आल्यावर हे काम पुष्कळ सोपे झाले. त्या नेमक्या वेळी एकच संबंध घडवायचा आणि घोड्याला विश्रांती द्यायची. पायाखालची जमीन घसरती नको, आणि उंचीत फरक असेल तर जमिनीच्या चढउताराने तो भरून काढायचा. नॉर्दर्न डान्सर खांद्यापाशी जेमतेम सव्वापाच फूट असल्याने त्याच्या बाबतीत ही काळजी तरुणपणापासूनच घ्यावी लागे.

त्याने २३ हंगामांत सहाशेंहून अधिक शिंगरे दिली. म्हणजे वर्षाला तिसाच्याही आत. आज नावाजलेल्या घोड्याकडे एका हंगामात दीडशे-दोनशे घोडी आणतात, त्या मानाने हा आकडा फारच संयमाचा म्हटला पाहिजे.

पण भोवतालचा बाजार संयमी नव्हता. १९८१ मध्ये घोडा वीस वर्षांचा असताना त्याच्यासाठी ४ कोटी डॉलरची मागणी आली. वाटेकऱ्यांनी ती नाकारली. १९८३ मध्ये त्याचे एक वर्षाचे शिंगरू, स्नाफी डान्सर, १ कोटी २ लाख डॉलरना विकले गेले. ते एकही शर्यत धावले नाही, आणि पैदाशीला लावल्यावर त्याच्यापासून केवळ चार शिंगरे झाली. दशकाच्या मध्यास बापाच्या एका संबंधाची किंमत दहा लाख डॉलरपर्यंत पोहोचली, तीही घोडी गाभण राहण्याची हमी न देता! घोड्याच्या म्हातारपणाचा धोका असा गिऱ्हाइकाच्या माथी गेला, आणि तरीही गिऱ्हाइके रांगेत उभी होती.

मालकही थकले होते. १९८० मध्ये टेलर यांना पक्षाघात झाला आणि कारभार त्यांचे चिरंजीव चार्ल्स पाहू लागले. एप्रिल १९८७ मध्ये, हंगाम संपायच्या आतच, २६ वर्षांच्या नॉर्दर्न डान्सरला पैदाशीतून कायमचे निवृत्त करण्यात आले. आणखी एखादी घोडी गाभण राहती, तर लाखो डॉलर पदरात पडले असते. तो मोह आवरला गेला, म्हणून ही तारीख मला त्याच्या डर्बीइतकीच मोठी वाटते. पुढे साडेतीन वर्षे तो मेरीलँडच्या कुरणात निवांत राहिला. १६ नोव्हेंबर १९९० रोजी तो गेला, आणि त्याला ओशावाला, जन्मगावी नेऊन पुरले.

या कथेला एक भारतीय शेवट आहे. निवृत्तीच्या त्याच वर्षी, १९८७ मध्ये, त्याचे रझीन नावाचे शिंगरू जन्मले. घोडीचे गर्भारपण अकरा महिन्यांचे, म्हणजे गर्भ राहिला तेव्हा बापाचे वय पंचवीस. १९९० च्या इंग्लिश डर्बीत रझीनवर सर्वांत जास्त पैसा लागला होता, पण तो पार मागे पडला. पुढे तो हरियाणातल्या उषा स्टडमध्ये आला. तिथे त्याने असे नाव काढले की भारतातला अग्रगण्य प्रजनक घोडा हा मान त्याला अनेकदा मिळाला. मुंबई, पुणे, बंगळूर येथील मैदानांवर त्याची मुले धावली आणि जिंकली.

तात्पर्य, वयाने घटते ती संख्या. वंशाला देण्याजोगे जे असते ते शेवटपर्यंत तितकेच कसदार राहू शकते. म्हणून म्हाताऱ्याला अडगळीत टाकणे जितके चूक, तितकेच त्याला शेवटच्या थेंबापर्यंत पिळणेही चूक. या दोहोंमधली वेळ ओळखणे हे सांभाळणाऱ्याचे काम. माझ्या स्वतःच्या सेवानिवृत्तीला आता थोडीच वर्षे उरली आहेत. आजोबांचे ते वाक्य अलीकडे मला वारंवार आठवते, त्याचे कारण कदाचित हेच असावे.